‘झुंज’ की ‘सावड’? : स्तन-कर्करोगाच्या उपचारकाळातील मैत्रिणीची सोबत – एक चिकित्सक विचार
(विशेष संदर्भ : धाराशिव जिल्हा)

प्रस्तावना

भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे स्तनाचा कर्करोग होय. या रोगाविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यात प्रामुख्याने तीन व्यक्ती दिसतात : रुग्ण, डॉक्टर आणि कुटुंबीय. चौथी व्यक्ती, म्हणजे रुग्ण स्त्रीची मैत्रीण, क्वचितच दिसते. दिसलीच तर ‘धीर देणारी’ एवढ्याच भूमिकेत दिसते. रुग्णालयाच्या व्यवहारातही ‘नातेवाईक कोण?’ असाच प्रश्न विचारला जातो. प्रत्यक्षात पहिल्या गाठीची वाच्यता पुष्कळदा पतीपाशी किंवा सासूपाशी होण्याआधी शेजारच्या मैत्रिणीपाशी होते. या सोबतीचे स्वरूप कोणते, तिला शब्द कोणता आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी प्रथम प्रचलित भाषेची व काही कृतींची चिकित्सा करून नंतर तिचे निष्कर्ष धाराशिव परिसराच्या संदर्भात तपासले आहेत.

‘झुंज’ या रूपकाची मर्यादा

मराठी वृत्तपत्रांत कर्करोगाच्या संदर्भात ‘झुंज’ हा शब्द जवळजवळ ठरलेला आहे. रोगी बरा झाला तर त्याने ‘मात केली’, मृत्यू पावला तर त्याची ‘झुंज अपयशी ठरली’. सुसान सोंटॅग यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इलनेस अॅज मेटाफर’ या ग्रंथात कर्करोगाभोवतीच्या अशा युद्धभाषेची मूलगामी चिकित्सा केली. रोगाला रूपक बनविले की रोगी अपराधी ठरतो, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. त्या स्वतः स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतून गेल्या होत्या. तरीही या ग्रंथात त्यांनी स्वतःच्या आजाराचा उल्लेख केलेला नाही.

सोंटॅग यांच्या विवेचनाला आणखी एक मुद्दा जोडता येईल. झुंज नेहमी दोघांत होते. बाकीचे सारे प्रेक्षक असतात. ‘तू लढवय्यी आहेस’ असे म्हणणारी मैत्रीण नकळत आखाड्याबाहेर जाऊन बसते. शिवाय थकण्याचा, रडण्याचा, घाबरण्याचा रुग्णाचा अधिकारही ती काढून घेते. उपचाराने रोग आटोक्यात येणे हे गाठीचा प्रकार, रोगाची अवस्था आणि वेळेवर मिळालेले उपचार यांवर अवलंबून असते. त्यात जिद्दीची परीक्षा नसते.

आपल्याकडे याच्या उलट टोकाला मौन आहे. ग्रामीण बोलीत रोगाचे नाव टाळून ‘गाठ’ किंवा ‘मोठा आजार’ असे म्हटले जाते. शहरी झुंज आणि ग्रामीण मौन हे परस्परविरोधी दिसत असले, तरी दोहोंचा परिणाम एकच होतो. रुग्ण स्त्री एकटी पडते.

सोबतीचे दोन नमुने : ‘आनंद’ आणि ऑड्री लॉर्ड

कर्करोग आणि मैत्री म्हटले की मराठी वाचकाला हृषीकेश मुखर्जी यांचा ‘आनंद’ (१९७१) हा हिंदी चित्रपट आठवतो. मुंबईत घडणाऱ्या या चित्रपटाची थोरवी निर्विवाद आहे. मात्र त्यातील मैत्री दोन पुरुषांची आहे आणि रुग्णच भोवतालच्या सर्वांना हसवीत, सावरीत राहतो. उपचारांचा दैनंदिन क्रम, औषधांचे दुष्परिणाम, खर्च आणि खेपा यांना तेथे फारसे स्थान नाही. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात जी प्रतिमा रुजली, ती सोबतीच्या श्रमाची नसून निरोपाच्या करुणेची आहे. स्तनाच्या कर्करोगावर वेळेवर उपचार झाल्यास बऱ्याच स्त्रिया पुढे अनेक वर्षे जगतात. अशा आजाराला ही प्रतिमा अपुरी पडते.

कृष्णवर्णीय अमेरिकी कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचे ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) याहून वेगळे आहे. १९७८ साली त्यांचा एक स्तन शस्त्रक्रियेने काढण्यात आला. त्यानंतर भेटीस आलेल्या स्वयंसेविकेने त्यांना कृत्रिम स्तन देऊ केला. पुढे डॉक्टरांच्या दवाखान्यातील परिचारिकेनेही तो न वापरल्याबद्दल नापसंती दर्शविली. लॉर्ड यांनी तो नाकारला. अशा आवरणामुळे या रोगातून गेलेल्या स्त्रियांना एकमेकींची ओळख पटत नाही, अशी त्यांची भूमिका होती. भोवतालच्या स्त्रियांच्या प्रेमाने आपल्याला तारले, ही जाणीवही या लेखनात सर्वत्र आहे. सोबत ही येथे केवळ भावना राहत नाही. तिला सामाजिक अर्थ प्राप्त होतो.

तथापि लॉर्ड यांची भूमिका जशीच्या तशी उचलणे योग्य ठरणार नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या स्त्रीला गावाच्या नजरा चुकवून कामावर परतायचे असेल, तर जखम भरल्यानंतर घरी शिवलेली मऊ कापडी पिशवी हीच तिची सोय असते. तिला धाडसाचा उपदेश करणे हा मैत्रीचा अतिरेक होय. निवड तिची असावी आणि मैत्रिणीने तिच्या निवडीला साथ द्यावी, एवढाच बोध येथे घ्यावयाचा आहे.

धाराशिव परिसराचा अनुभव

२०२३ साली धाराशिव हे नाव मिळालेल्या या जिल्ह्याचा पूर्वीचा उल्लेख जागतिक कर्करोग-संशोधनात ‘उस्मानाबाद’ या नावाने येतो. सीमेलगतच्या बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबरच परंडा व भूम हे तालुके तिच्या कक्षेत होते. डॉ. भा. म. नेने व डॉ. कस्तुरी जयंत यांच्या या कार्यात कर्मचारी गावोगाव फिरून लोकांशी बोलत आणि लक्षणे असलेल्यांना तपासणीस आणीत. या जनजागृतीनंतर गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक लवकरच्या अवस्थेत निदर्शनास येऊ लागला, असा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला.

पुढे २००० सालाच्या सुमारास याच जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीविषयी मोठा अभ्यास हाती घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. ज्यांना तपासणी देऊ केली, त्यांपैकी दर पाचांत सुमारे चार स्त्रिया तपासणीस आल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात या रोगाने होणारे मृत्यू तुलना-गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. तुलना-गटाला अशी तपासणी देऊ न करण्यावर नैतिक आक्षेपही घेतले गेले. ते दुर्लक्षणीय नाहीत. हा अभ्यास स्तनाच्या कर्करोगाचा नव्हता, हेही खरे. परंतु ‘खेड्यातील बाई लाजेने पुढे येत नाही’ हे गृहीतक याच जिल्ह्याने खोटे ठरविले. कोणी समजावून सांगणारे व बरोबर नेणारे असेल तर ती येते.

स्तनाच्या बाबतीत मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाचा अभ्यास महत्त्वाचा आहे. १९९८ साली सुरू झालेल्या या अभ्यासात १,५१,५३८ स्त्रिया होत्या. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याखालील वयात तशी घट दिसली नाही.

‘सावड’ : एक पर्यायी संकल्पना

‘झुंज’ या शब्दाला पर्याय शोधताना दूर जावे लागत नाही. शेतकरी जीवनात ‘सावड’ आहे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, अशी श्रमाची परतफेड तीत असते. (‘सावडणे’ या क्रियापदाला अंत्यविधीचाही संदर्भ आहे, येथे अर्थातच शेतीतील सावड अभिप्रेत आहे.) जात्यावर समोरासमोर बसून दळणाऱ्या दोघींची सोबतही याच जातीची. ओवीतील ‘सई’ ही केवळ मनोगत ऐकणारी नाही. खुंट्याला तिचाही हात असतो.

उपचारांचा क्रम पाहिला म्हणजे या संकल्पनेची उपयुक्तता ध्यानी येते. रसायनोपचार पुष्कळदा तीन आठवड्यांच्या अंतराने काही महिने चालतात. चार जणींनी पाळी लावली, तर एकीची मजुरी बारा आठवड्यांत एकदाच बुडते. पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. मधल्या काळात १००.४ अंश फॅरनहाइट इतका किंवा त्याहून अधिक ताप आला, तर गोळी देऊन सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. हे ठाऊक असलेली शेजारीण जीव वाचवू शकते. किरणोपचारासाठी आठवड्यातून पाच दिवस असे साधारण तीन ते पाच आठवडे रुग्णालयाजवळ राहावे लागते. तेव्हा मैत्रिणीचे काम गावातच असते : मुलांची शाळा, शेळ्यांचा चारा, दुधाचा रतीब. संप्रेरकाच्या गोळ्या पाच ते दहा वर्षे घ्याव्या लागतात, आणि गाव आजार विसरल्यावरही ‘गोळी घेतलीस का गं?’ असे विचारणारी तीच उरते.

या सोबतीत ज्ञानाचाही प्रसार होतो. कर्करोग संसर्गजन्य नाही हे भित्तिपत्रक सांगते. एका ताटात जेवणारी मैत्रीण ते सिद्ध करते. ‘तुलाच कसा झाला?’ हा प्रश्न न विचारणे, हीदेखील तिने पाळावयाची शिस्त आहे.

संकल्पनेच्या मर्यादा

येथे सावधगिरी आवश्यक आहे. मैत्रिणीच्या सोबतीचा गौरव करताना स्त्रीच्या विनामूल्य श्रमात आणखी भर घातली जाण्याचा धोका आहे. पती व कुटुंबाची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. शासनाची तर नाहीच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा अंतर्भाव आहे. पण सोबतिणीच्या बुडालेल्या रोजाचा हिशेब कोणी करीत नाही. रेल्वेच्या सवलतीत कर्करुग्णाबरोबरच्या एका सोबत्याचा विचार झाला आहे, ही गोष्ट म्हणूनच उल्लेखनीय वाटते. दुसरे म्हणजे, सज्ञान स्त्रीच्या शरीराविषयीचा निर्णय तिचाच असतो. तिचे गुपित फोडणे, उपचार सोडवून जडीबुटीकडे वळविणे किंवा तिच्या वतीने परस्पर ठरविणे हे सोबतीच्या नावाखाली होऊ नये.

निष्कर्ष

१) ‘झुंज’ या रूपकामुळे रुग्ण स्त्रीवर विजयाचे ओझे पडते आणि मैत्रीण प्रेक्षक बनते.

२) सोबत ही भावनेइतकीच श्रमाची, ज्ञानाची व वेळेची बाब आहे. ‘सावड’ ही संकल्पना तिला अधिक न्याय देते.

३) धाराशिव परिसराचा अनुभव असे दर्शवितो की, विश्वासाने बोलणारे कोणी भेटले तर ग्रामीण स्त्रीचे मौन सुटते.

४) कर्करोगविषयक साहित्यकृती, चित्रपट वा प्रचारसाहित्य यांचे मूल्यमापन करताना त्यात सोबतीचे काम दिसते का, हा निकष लावणे उचित ठरेल.

५) महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना शिबिरांत स्तनतपासणीच्या माहितीबरोबर ‘सोबतीला कसे जावे’ हा विषयही असावा. गावागावांत बचत गटांच्या रूपाने स्त्रियांचे संघटन उभे आहे. सावडीची पाळी लावण्यास ते पुरेसे आहे. मात्र त्या पाळीचा खर्च एकट्या गटावर पडू नये.