संख्यानामे आणि बालकाचे आकलन : एक समीक्षा

२०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’सोबत ‘वीस पाच’ असे वाचन आले आणि सारा वाद भाषिक अस्मितेभोवती फिरला. मूळ प्रश्न बालकाच्या आकलनाचा होता. २५ लिहिताना दशक आधी येतो, ‘पंचवीस’ उच्चारताना एकक. त्यामुळे वहीत ५२ उमटणे हा निव्वळ निष्काळजीपणा नव्हे. ‘एकोणतीस’मध्ये तर तिसांतून एक वजा होतो आणि लेखनात तीनचा अंक दिसतच नाही! नवे वाचन ही अडचण निश्चितच हलकी करते. तथापि ‘वीस’ म्हणजे दोन दशक, हे त्यातूनही आपोआप उमगत नाही. त्यासाठी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधावेच लागतात. शिवाय घरी, बाजारात मुलाच्या कानी ‘पंचवीस’च पडते. म्हणून दोन्ही वाचने शेजारी ठेवणे योग्यच होते. टीकाकारांनी मात्र मुलांच्या वह्या चाळल्याचे दिसत नाही.