भिंतीवरचे चित्र आणि आठवी आज्ञा

निगडी प्राधिकरणातील आमच्या परिचयाच्या एका कॅथलिक कुटुंबाने घराचे कर्ज फिटल्याच्या आनंदात एक चित्र विकत घेतले. काळ्या जाड रेषांनी आखलेले क्रूसावरील प्रभूचे मस्तक. खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला १२/१०० हा आकडा आणि उजवीकडे सही. ‘फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे मूळ मुद्राचित्र, लंडनच्या काळातले, शंभरच प्रती निघाल्या,’ असे विक्रेत्याने सांगितले. किंमत घरातील एका महिन्याच्या पगाराहून अधिक होती. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये कामाला आहे. त्याने सहज म्हणून आपले भिंग चित्रावर धरले, तेव्हा रेषेच्या जागी एकसारख्या अंतरावर मांडलेले रंगीत ठिपके दिसले. कॅलेंडरवर असतात तसेच. विक्रेता चित्र परत घेईना. तेव्हा वडिलांनी आम्हांस विचारले, ‘आम्ही मूळ म्हणून घेतले, मूळ म्हणूनच दुसऱ्यास दिले तर आमचे काय चुकले?’

हा प्रश्न एका घराचा नाही. ज्यांचे आईवडील पिंपरीत कारखान्यांच्या नोकरीसाठी आले आणि भाड्याच्या खोलीत पवित्र हृदयाच्या छापील तसबिरीसमोर ज्यांनी रोझरी म्हटली, त्या पिढीच्या हातात आता चित्र विकत घेण्याइतका पैसा आहे. चित्र पारखण्याची सवय मात्र त्या पैशाबरोबर आलेली नाही. म्हणून आधी वस्तूची ओळख करून घेऊ, मग उत्तराकडे वळू.

सूझा आपल्या समाजाचे. जन्म १९२४ साली गोव्यातील साळगावचा. बालपणी देवीच्या आजारातून वाचल्यावर आईने नवसाप्रमाणे संत फ्रान्सिस झेवियरचे नाव त्यांच्या नावास जोडले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून ते काढले गेले, १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत अग्रभागी राहिले आणि १९४९ साली लंडनला गेले. तेथे काही वर्षे हलाखीत गेल्यावर १९५५ साली गॅलरी वनमधील प्रदर्शनाने त्यांचे नाव झाले. १९६७ साली न्यूयॉर्कला जाईपर्यंतची त्यांची लंडनमधील चित्रे आधुनिक ब्रिटिश कलेच्या इतिहासातही गणली जातात. १९५९ चे त्यांचे ‘क्रूसीफिक्शन’ टेट संग्रहालयात आहे. त्यांचा ख्रिस्त देखणा नाही. तो काटेरी, दात विचकलेला, छळाने विद्रूप झालेला आहे. कित्येक भाविकांस तो सहन होत नाही. आमच्या मते शुभ शुक्रवारच्या वाचनाशी तो गुळगुळीत तसबिरीहून अधिक प्रामाणिक आहे. पण ज्या घराने ते चित्र घेतले, त्याने या कारणासाठी घेतले काय? नाही. ‘बर्थ’ हे त्यांचे १९५५ चे चित्र २०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात चाळीस लाख डॉलरहून अधिक किमतीस गेले, ही बातमी त्यांनी ऐकली होती. त्यांनी नाव विकत घेतले, आणि नावच विकत घेणारा सर्वांत सहज फसतो.

मूळ मुद्राचित्र म्हणजे काय? चित्रकाराने लाकूड, लिनोलियम, तांबे वा दगड यांवर छापण्यासाठीच स्वतः घडविलेली प्रतिमा, आणि तिच्यावरून त्याने किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेले छाप. आधी रंगविलेल्या चित्राचा फोटो घेऊन केलेली छपाई ती प्रतिकृती. आमच्या पट्ट्यातील कामगारास हा फरक कलासमीक्षकाहून लवकर कळावा. ड्रायपॉइंट या प्रकारात तांब्याच्या पत्र्यावर टोकदार सुईने ओरखडतात. ओरखड्याच्या कडेला जी खरबरीत कड उभी राहते, तिला चित्रकार ‘बर’ म्हणतात आणि टूलरूममध्येही बरच म्हणतात. कारखान्यात ती घासून काढतात. चित्रकार ती जपतो, कारण शाई तिच्यात धरून राहते आणि रेषेला मखमली सावली मिळते. दाबयंत्राखाली बर लवकर झिजते, म्हणून चांगल्या प्रती थोड्याच निघतात. प्रतींच्या मर्यादेला येथे धातूच्या स्वभावाचाच आधार आहे. आजच्या छपाईयंत्रातून हजारावी प्रत पहिलीसारखीच बाहेर पडते. तेथे १२/१०० हा आकडा केवळ विक्रेत्याचा शब्द असतो, आणि पेन्सिलीची सही कोणासही करता येते. भिंगही सर्व काही सांगत नाही. नव्या इंकजेट छपाईत असे एकसारखे ठिपके दिसत नाहीत. म्हणून पत्र्याच्या दाबाची कागदावरील खूण, कागदाचे वय, पावती आणि चित्र कोणाकडून कोणाकडे आले याचा माग, हे सारे एकत्र पाहावे लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रतिकृती ही हीन वस्तू नव्हे. चिंचवडहून लोणावळ्याच्या लोकलने जाताना मळवली स्थानक लागते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना पुढे याच मळवलीस आला. नंतर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि १९७२ साली आगीत नष्ट झाला. तेथे रविवर्मांच्या चित्रांवरून कारागीर दगडांवर एकेक रंग उतरवीत. आजच्या काटेकोर अर्थाने ती मूळ मुद्राचित्रे नव्हेत, पण त्यांनी घरोघरी देवघरे सजविली आणि कोणास फसविले नाही. आपल्या आजीच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीचेही तेच. प्रतिकृतीस प्रतिकृती म्हटले की तिचा मान राखला जातो.

दुसरा गैरसमज असा, की मूळ कलाकृती श्रीमंतांसाठीच असते. इंग्लंडमध्ये क्लॉड फ्लाइट यांनी लिनोकट हा प्रकार पुढे आणला तो नेमक्या उलट हेतूने. ग्लासभर बिअर किंवा सिनेमाचे तिकीट जेवढ्यास मिळते तेवढ्यात सामान्य माणसास चित्र मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली लंडनच्या रेडफर्न गॅलरीत ब्रिटिश लिनोकटचे पहिले प्रदर्शन भरले. महायुद्ध संपल्यावर ‘स्कूल प्रिंट्स’ या योजनेने नामवंत चित्रकारांकडून लिथोग्राफ करून घेऊन ते स्वस्तात शाळांच्या भिंतींवर लावले. आज फ्लाइट यांच्या वर्तुळातील काही लिनोकट हजारो पौंडांस विकले जातात. संग्राहकांनी त्या चित्रांना जपले हे खरे. पण कामगाराच्या घरासाठी काढलेले चित्र कामगाराच्या आवाक्याबाहेर नेले, हेही त्याच व्यापाराचे काम. आम्ही या व्यापाराचा निषेध करीत नाही. त्याने किंमत आणि मोल यांची गल्लत करू नये एवढेच आमचे म्हणणे.

सत्य सांगण्याचे कर्तव्य कागद आणि शाई यांपाशी संपते काय? एरिक गिल यांचे उदाहरण कॅथलिक वाचकास अवघड जाईल, पण टाळता येत नाही. १९१३ साली कॅथलिक झालेला हा शिल्पकार लाकडावरील नाजूक कोरीव मुद्राचित्रांसाठी प्रसिद्ध. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमधील क्रूसाच्या वाटेची चौदा शिल्पे त्यांचीच. १९८९ साली फिओना मॅकार्थी यांच्या चरित्रग्रंथातून उघड झाले, की त्यांनी स्वतःच्या मुलींवर अत्याचार केले होते. त्यांचे येशू-मरियेचे मुद्राचित्र आज विकताना हे सांगावे की नाही? आमच्या मते सांगावे. ती रेषा सुंदर आहे हे खोटे ठरत नाही. पण ज्या घरात लेकी वाढत आहेत, त्या घराने ते चित्र लावावे की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्या घराचा आहे, आणि माहिती दडवून तो अधिकार हिरावून घेणे ही फसवणूकच. ज्या डिचलिंग गावी गिल राहिले, तेथील संग्रहालयाने २०१७ साली खास प्रदर्शन भरवून हा प्रश्न उघडपणे मांडला. धर्मसभेतील अशाच जखमांविषयी आपण कित्येक वर्षे मौन पाळले. निदान भिंतीवरील चित्रापुरते तरी ते मौन सोडावे.

आता त्या वडिलांचा प्रश्न. सातवी आज्ञा चोरीस मनाई करते, आठवी खोट्या साक्षीस. ज्याने त्यांना चित्र विकले त्याने दोन्ही मोडल्या. परंतु ठिपके दिसल्यानंतर तेच चित्र मूळ म्हणून विकणाऱ्यास ‘मलाही फसविले’ ही सबब उरत नाही. फसलेला माणूस ज्ञान झाल्यावर तीच वस्तू पुढे सरकवतो, तेव्हा तो फसविणाऱ्याचा भागीदार होतो. बुडालेले पैसे मागण्यास ग्राहक आयोग आहे. ते शेजाऱ्याच्या खिशातून वसूल करावयाचे नसतात. हे ऐकणे त्यांना जड गेले. त्या रकमेत धाकट्या मुलीची फी होती.

आमची वाचकांस विनंती एवढीच: नावामागे धावू नका. कलाशाळांच्या वार्षिक प्रदर्शनांत विद्यार्थ्यांची मुद्राचित्रे मांडलेली असतात. चित्रकाराशी बोला, पत्रा कोणता, छाप किती, हे विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. डोळ्यांस जे पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटेल तेच घ्या.

ते चित्र अजून निगडीतील त्या घरात आहे. मुलाने चौकट उघडून मागच्या बाजूस ठळक अक्षरांत लिहिले: ‘छापील प्रतिकृती. मूळ नव्हे.’ मग चौकट बंद करून त्याने चित्र होते त्याच खिळ्यास लावले. चाळीसाच्या काळात त्यासमोर क्रूसाच्या वाटेची प्रार्थना झाली, तेव्हा आम्हीही तेथे होतो.