हाडांचा सातबारा

खून करण्याच्या कामात इंग्रज माणूस तुमच्याआमच्यापेक्षा फारसा वेगळा नसावा. पण खुनाचा तपास करताना चहा पिण्यात मात्र त्याचा हात धरणारा पृथ्वीच्या पाठीवर दुसरा कुणी नाही. 'अनफरगॉटन' नावाची एक विलायती पोलिसी मालिका सध्या आमच्या पौडच्या घरात चालू आहे. पहिला भाग मी चहाच्या कपांचा हिशेब ठेवत पाहिला आणि दुसऱ्या भागात हिशेब सोडून दिला. बँकेत एकोणीस वर्षे काढलेल्या माणसाने हिशेब सोडून दिला म्हणजे कप किती असतील याची कल्पना करा.

आमची पिढी तशी पोलिसी मालिकांवरच वाढली. घरात वडिलांनी जपलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या चोपड्या. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि वडिलांनी त्यांतल्या बऱ्याचशा पोथीच्या भक्तीने वाचल्या. मग मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' आली आणि पुढे १९९८ साली हिंदीत 'सीआयडी' आली. तिच्यातला दया दारे फोडायचा. दार नुसते लोटले तर उघडेल काय, हे हात लावून पाहायची त्या खात्यात पद्धतच नव्हती. दार पडले की आत खुनी, त्याच्या गालावर एक, की लगेच कबुली. जाहिरातींसकट तासाभरात प्रकरण निकालात. आमचे कर्जवसुली खाते या झपाट्याने चालले असते तर देशात एक हप्ता थकला नसता.

'अनफरगॉटन'मधली कॅसी स्ट्युअर्ट ही बाई (काम केले आहे निकोला वॉकर हिने) दाराची घंटा वाजवते आणि विचारते, "आत्ता वेळ आहे ना तुम्हाला?" संशयिताला! आणि तोही म्हणतो, "या ना, चहा घेणार?"

मालिका २०१५ साली विलायतेत आयटीव्हीवर सुरू झाली. लिहिणारा ख्रिस लँग हा एकच गृहस्थ, त्यामुळे सगळ्याला एकच हात लागलेला दिसतो. पहिल्या खेपेची गोष्ट अशी की, लंडनमधले एक जुने घर पाडताना खाली माणसाचा सांगाडा मिळतो. आता हा सांगाडा दोन वर्षांचा की दोन हजार वर्षांचा, इथपासून सुरुवात. जवळ एक गंजलेली किल्ली. किल्लीवरून जुनी मोटार, मोटारीतून एक पिशवी, पिशवीत भिजून लगदा झालेली डायरी आणि डायरीतून चार नावे. १९७६ साली नाहीसा झालेला जिमी सुलिव्हन नावाचा एक पोरगा. आणि ती चार नावे आता कोण? एक राजकारणातले बडे गृहस्थ, एक पाद्रीबाबा, एक पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या बाई आणि एक चाकाच्या खुर्चीतले म्हातारे, ज्यांच्या बायकोची स्मृती चालली आहे. सगळे वयाने पेन्शनर. खुनी कोण ते मी सांगणार नाही. ते सांगण्याचा हक्क आमच्या घरात हिच्याकडे आहे आणि ती तो दुसऱ्याच भागापासून बजावते.

हे सगळे पाहायला आमच्या शेजारचे आबा येतात. वय अठ्ठ्याहत्तर, इंग्रजी शून्य. ही त्यांना संवाद मराठीत करून सांगते. मूळ संवाद चार शब्दांचा असतो आणि हिचे भाषांतर पुढचा प्रसंग संपेपर्यंत चालते, तरीही आबांचे काही अडत नाही. पहिल्या भागात सांगाडा निघाला तेव्हा आम्ही दोघे श्वास रोखून बसलो होतो. आबांनी फक्त विचारले, "जागा कुनाची म्हनायची ही?"

आता मुळशी तालुक्यातला माणूस दुसरे काय विचारणार? रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक डोंगरउतारावर इथे गुंठ्यांचे बोर्ड लागले, पोरांच्या गळ्यात साखळ्या आल्या, मग त्या गेल्या, आणि २०१८ साली प्रवीण तरडे यांनी त्यावर 'मुळशी पॅटर्न' हा सिनेमाही काढला. हाडे कुणाची हा प्रश्न आमच्याकडे दुसरा. मी आबांना म्हटले, "अहो, खून झालाय तिथं." ते म्हणाले, "व्हय, पण जागेवर नाव कुनाचं त्या टायमाला? सातबारा काढाया सांग त्यांना. फेरफार बघा म्हनावं आधी."

गंमत अशी की, लंडनचे पोलीस पुढे अक्षरशः तेच करतात! त्या घरात कोणत्या साली कोण राहत होते, घर कुणी चालवले, कुणाला भाड्याने दिले. आबांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत बी.कॉम.च्या पदवीबद्दल काही आदर शिल्लक नव्हता. पण हे नवल नव्हे. आबांचे मूळ गाव टाटांच्या मुळशी धरणाखाली गेले. सेनापती बापटांचा सत्याग्रह १९२१ ते २४ मधला. त्या वेळचे कागद आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले आहेत. ज्या घरात शंभर वर्षांपूर्वीची बाब अजून निकालात निघालेली नाही, तिथे १९७६ चा खून म्हणजे कालची गोष्ट.

आणि मला ही मालिका का आवडली तेही इथेच सांगून टाकतो. जगातल्या सगळ्या पोलिसी कथांमध्ये शूर असतो तो बंदूकवाला. या मालिकेत शूर आहे तो कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी बसून नोंद करणारा कारकून. तो कधी पडद्यावर येत नाही. त्याने मोटारीचा नंबर नीट लिहिला म्हणून मोटार सापडते. भाडेकरूचे नाव लिहिले म्हणून भाडेकरू सापडतो. संध्याकाळी साडेपाचला, बस चुकायची वेळ झालेली असताना, त्या गृहस्थाने 'उद्या बघू' म्हटले असते तर सहा भागांची मालिका पहिल्याच भागात आटोपली असती. आमच्या धंद्याला पडद्यावर इतका मान मिळालेला मी दुसरीकडे पाहिला नाही. पाद्रीबाबांच्या चर्चचा हिशेब जुळत नाही, हा धागा आला तेव्हा तर मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. खुनापेक्षा ताळेबंदाच्या फरकाने माझा जीव जास्त खालीवर होतो, असे ही म्हणते.

आपल्याकडे अशा न लागलेल्या तपासाला पोलीस 'ए समरी' म्हणतात. म्हणजे गुन्हा खरा, पण गुन्हेगार सापडला नाही. फाईल बंद, पण कायमची नव्हे. बँकेत कर्ज 'राइट ऑफ' केले म्हणजे वसुली सोडली असे नसते, तसलाच प्रकार. फरक इतकाच की, कर्जदाराने तीन वर्षांत कागदावर नव्याने सही केली नाही तर दावा मुदतबाह्य होऊन आमची धावपळ उडते. खुनाला मुदत नाही. चाळीस वर्षांनीही दारावर घंटा वाजू शकते. मालिकेतल्या त्या चार पेन्शनरांच्या चेहऱ्यावर घंटा वाजल्यावर जे येते, ते नटांनी फार बारकाईने केले आहे. मी तो चेहरा ओळखतो. हप्ता थकवलेल्या माणसाच्या गोठ्यात आमची जीप थांबली की तो असाच दिसतो.

पण १९७६ म्हटले की पुण्याच्या माणसाला दुसरेच काही आठवते. त्या वर्षीच्या जानेवारीत पुण्यातला एक कॉलेजचा विद्यार्थी नाहीसा झाला होता. घर सोडून जातो आहे अशी त्याच्या हातची चिठ्ठी वडिलांना मिळाली. ती त्याच्याकडून जबरदस्तीने लिहून घेतलेली होती आणि तो पेशवे पार्कच्या तळ्यात एका पिंपात होता. हे उघडकीला येईपर्यंत १९७७ चा मार्च उलटला, आणि मधल्या काळात त्याच चौघा तरुणांनी शहरात आणखी नऊ माणसे मारली. जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ते प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. चौघांना १९८३ च्या नोव्हेंबरात येरवड्याला फाशी झाली. माझी आई अजून सांगते, दिवेलागण झाली की वाड्यांची दारे बंद व्हायची आणि घरचा माणूस आला तरी आधी नाव विचारायचे. तळ्याकाठी लोक सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन येत होते आणि कागदावर सगळे ठीक होते: मुलगा रागावून गेला आहे. कागद खोटे बोलू शकतो, ही गोष्ट मालिकेच्या लेखकाने जरा कमी ध्यानात घेतलेली दिसते. त्याच्या डायऱ्या फार प्रामाणिक असतात.

आणि कागदच नसला तर? आमचा ताम्हिणी घाट उतरला की रायगड जिल्हा लागतो. २०१२ च्या मे महिन्यात त्या जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या जंगलात जळालेल्या मृतदेहाचे अवशेष सापडले. नमुने मुंबईला गेले, पण गुन्हा काही नोंदला गेला नाही. तीन वर्षे गेली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत एक ड्रायव्हर पिस्तुलाच्या प्रकरणात पकडला गेला आणि त्यातून ते पेणचे जंगल पुन्हा निघाले. हे शीना बोरा प्रकरण. कुणी काय केले ते ठरवायला न्यायालय समर्थ आहे. मला त्यातली दुसरीच गोष्ट खटकते. २०२४ च्या जूनमध्ये सरकारपक्षाने न्यायालयाला सांगितले की, ते अवशेषच सापडत नाहीत. आणि पुढच्याच महिन्यात ते सीबीआयच्या दिल्लीच्या कार्यालयात, मुद्देमालाच्या कोठीत असल्याचे कळले. आमच्या शाखेत दहा रुपयांची नोट इकडची तिकडे झाली तर रात्री आठपर्यंत कुणी घरी जात नाही.

मालिकेत जिमीची आई अजून हयात असते. कॅसी तिला भेटायला जाते आणि मुलगा सापडल्याचे सांगते. त्या प्रसंगात संगीत जवळजवळ नाही, कुणी आक्रोश करत नाही, आणि हिचे भाषांतरही प्रथमच थांबले. मला आमच्या खिडकीवर येणाऱ्या एक आजी आठवल्या. मुलगा कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही. त्याचे पासबुक त्यांच्याजवळ आहे. दर दोन-तीन महिन्यांनी त्या ते भरून घ्यायला येतात. कुठे पैसे काढल्याची नोंद आली तर पोरगा आहे, असा त्यांचा साधा हिशेब. मागे एकदा नवी ओळ छापून आली तर त्यांचा हात थरथरायला लागला. "हे कुणी भरलं रं बाळा?" मी म्हटले, "बँकेनं, आजी. व्याज आहे." दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय होते, आणि व्याज त्यात व्यवहार म्हणून धरत नाहीत. दहा वर्षे झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ही व्यवस्था २०१४ पासूनची. वारसांना ती पुढेही मागता येते, पण त्यासाठी मुलगा मेला असे आधी लिहून द्यावे लागते. आजी ते लिहून देत नाहीत. मीही त्यांना फॉर्म दाखवलेला नाही.

असो. मालिकेला दोष पुष्कळ आहेत. एक म्हणजे दर खेपेला साचा तोच. एक जुने प्रेत, चार संशयित, चौघेही आता सभ्य, आणि प्रत्येकाच्या पोटात काही ना काही असतेच. तिसऱ्या खेपेपर्यंत आबा सांगाड्याआधीच चौघे मोजायला लागतात. शिवाय ही मंडळी स्वयंपाकघरात उभी राहून जोडीदाराला गुपिते फार सांगतात. आमच्याकडे स्वयंपाकघरात गुपित सांगायचे म्हटले तर मिक्सर बंद होण्याची वाट पाहावी लागेल. आणि लंडनच्या पोलिसांना एका सांगाड्यापलीकडे काम कसे नाही? आमच्या ठाण्यातला हवालदार पावसाळ्यात शनिवार-रविवार धबधब्याखालच्या पर्यटकांना बाहेर काढतो, पुढे गणपती, मग निवडणूक. ए समरी उघडून बसायला त्याला वर्षातून सलग दोन तास मिळाले तरी खूप झाले. तपासाची ही सवड इंग्रजांनी कुठून पैदा केली, याचाच एखादा भाग काढायला हवा होता.

कॅसीच्या जोडीला सनी खान हा अधिकारी आहे. संजीव भास्कर त्याचे काम करतो, पाठीवर शाळकरी पोरासारखी सॅक अडकवून. हिला तो 'आपला माणूस' वाटतो आणि त्याला सगळे माफ आहे.

मला जे माफ करता आले नाही ते चौथ्या खेपेत घडते, २०२१ सालच्या. कॅसीला आता नोकरी नको आहे, मन थकले आहे. पण पुरी तीस वर्षे भरल्याशिवाय पुरी पेन्शन नाही, म्हणून खाते तिला उरलेले थोडे महिने परत कामावर बोलावते. ती येते, काम करते, आणि पेन्शन हातात पडण्याआधी मोटारीच्या अपघातात जाते! त्या रात्री मी जेवलो नाही. ही म्हणाली, खुनी सापडला तेव्हा तुम्ही दोनदा भात घेतलात. पण खुनी सापडणे वेगळे आणि सेवा भरत आलेली असताना असे होणे वेगळे, हे पगारी माणसाशिवाय कुणाला कळायचे नाही. आबांना मी समजावून सांगितले. ते म्हणाले, "मग फॅमिली पेन्शन कुनाच्या नावानं निघंल?" त्यांचे अगदी बरोबर आहे, आणि मालिकेने त्यावर अवाक्षर काढलेले नाही.

आता पाचवी खेप चालू आहे. कॅसीच्या जागी जेस जेम्स म्हणून नवीन बाई आल्या आहेत आणि सनीचे त्यांच्याशी जमत नाही. कचेरीतले सगळे जुनी बाई कशी होती तेच मनात धरून बसले आहेत. हे मात्र लेखकाने तंतोतंत टिपले आहे. आमच्याकडे नवे शाखाधिकारी बदलून आले तेव्हा तिजोरीची दुसरी किल्ली कुणाकडे असते हे त्यांना तीन दिवस कुणी सांगितले नव्हते.