भास्करबुवा बखले : शिष्यांच्या गळ्यावरून गुरूचा शोध

रंगभूमीवरील गायकाने पुढे परमुलखात गायनशिक्षक व्हावे, ही गोष्ट इटालियन संगीतिकेच्या इतिहासात नवी नाही. ध्वनिविचाराच्या अभ्यासकास ह्यांपैकी मानुएल गार्सिया हे नाव तरी ठाऊक असतेच. जन्माने स्पॅनिश, पण इटालियन गायकीत वाढलेला हा गायक तरुणपणीच रंगभूमी सोडून पॅरिस व लंडन येथे शिकवू लागला आणि १८५४ साली त्याने आरशांच्या साहाय्याने स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. आपल्या अध्यापनावर त्याने ग्रंथही लिहिला. आपल्याकडे त्याच्या शेजारी बसविता येईल असे पुरुष म्हणजे भास्करबुवा बखले (१८६९–१९२२). मात्र बुवांनी ग्रंथ मागे ठेवला नाही आणि त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिकाही उपलब्ध नाही. मग त्यांच्या गायकीविषयी जे लिहिले जाते, ते कोणत्या पुराव्यावर?

चरित्रकथा सर्वश्रुत आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीत ‘रामराज्यवियोगा’तील कैकेयी गाजविणाऱ्या मुलाचा आवाज वयात येताना फुटला. पुढे बडोद्यास फैज महंमदखाँ, नंतर नत्थनखाँ व अल्लादियाखाँ ह्यांच्याकडे त्यांनी विद्या घेतली. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकविले. १९११ साली पुण्यास भारत गायन समाज काढला. आवाज फुटण्याचा प्रसंग आपले लेखक ‘दैवाचा घाला’ म्हणून सांगतात, आणि तीन उस्तादांच्या विद्येला ‘त्रिवेणीसंगम’ म्हणून मोकळे होतात. माझा आक्षेप ह्या दुसऱ्या शब्दावर आहे. तीन बोली एकत्र आल्या म्हणजे तिन्हींची सर्व लक्षणे सारख्या प्रमाणात टिकत नाहीत. काही राहतात, काही लोपतात. नेमके काय राहिले हे सांगितल्यावाचून ‘संगम’ हा शब्द केवळ शोभेचा ठरतो.

भाषाशास्त्रात मूळ भाषेचा लेख सापडत नाही तेव्हा तिच्या कन्याभाषा ताडून तिचे रूप अनुमानाने बसविले जाते. येथे तोच मार्ग उरतो. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव ह्यांच्या ध्वनिमुद्रिका एकापाठोपाठ ऐकाव्यात. दोघांचे कंठधर्म इतके भिन्न की एका गुरूचे शिष्य म्हणावयास मन धजत नाही. बालगंधर्व स्वरावर रेंगाळतात, त्याला लाडावतात. कृष्णराव त्याच्यावरून उडी मारून अनपेक्षित जागी उतरतात. तरीही दोन गोष्टी समान आढळतात : शब्दाची स्वच्छता, आणि समेकडे जाताना शेवटच्या एकदोन मात्रांत ऐकणाऱ्यास चकवण्याची हौस.

ह्या दोन्ही लक्षणांना सारखेच महत्त्व देणे चूक होईल. दोघेही शिष्य नाटकात गाणारे. ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविणे ही पोटापाण्याची गरज होती. तेव्हा शब्दस्वच्छता हा रंगभूमीचा संस्कार असू शकतो, वारसा नव्हे. समेची खोडी मात्र रंगभूमीने मागितलेली नव्हती. ती बुवांची असावी, असे मी मानतो. तिसरा साक्षीदार दिलीपचंद्र वेदी. हे पंजाबी, नाट्यपरंपरेबाहेरचे, म्हणून साक्षीस अधिक योग्य वाटतात. पण बुवांच्या निधनानंतर ते आग्रा घराण्याच्या फैयाजखाँकडे शिकले, आणि बुवांचे गुरू नत्थनखाँही त्याच घराण्याचे! वेद्यांच्या लयकारीतला कोणता अंश कोणाकडून आला, हे सांगणे दुर्घट होऊन बसते.

‘स्वयंवर’ (१९१६) हा त्याहून बळकट पुरावा, कारण त्याच्या चाली खुद्द बुवांच्या. बुवा ज्या बंदिशींत वाढले त्यांची भाषा बव्हंशी ब्रज : जोडाक्षरे विरळ, शब्दान्ती दीर्घ स्वर विपुल, त्यामुळे श्वास मोकळा. खाडिलकरांची पदे संस्कृतप्रचुर. जोडाक्षरापाशी मुख मिटते, आणि ऱ्हस्व अक्षर समेवर आले तर त्याला लांबविताना शब्दाचे रूप बिघडते. यमन, बिहाग, भीमपलास ह्या रागांतली तेथील पदे म्हणताना ही अडचण फारशी जाणवत नाही, ह्याचे श्रेय चाल बसविणाराच्या कानाला द्यावयास हवे. ब्रजातली चीज, घरात हिंदुस्तानी बोलणारे उस्ताद, भोवती कानडी धारवाड आणि अखेर मराठी पद : इतक्या भाषांतून वावरलेल्या माणसास अक्षराचे वजन न कळते तरच नवल!

आता आवाज फुटण्याविषयी. वयात येताना मुलाचे स्वरतंतू लांबतात व जाड होतात, स्वर सुमारे एका सप्तकाने उतरतो. ही निसर्गाची रीत आहे, दैवाचा घाला नव्हे. ज्याला एकदा गळा नव्याने घडवावा लागला, तो शिष्यावर आपला गळा लादणार नाही, असा तर्क करता येतो. शिष्यांचे परस्परांहून वेगळेपण ह्या तर्काला अनुकूल आहे. मात्र ते त्यांच्या जातिवंत प्रतिभेचेही फळ असू शकेल, हे नाकारता येत नाही.

जाता जाता एक अनुभव नोंदवितो. राहाता येथे एका भजनात ‘कान्होपात्रा’ (१९३१) नाटकातील अभंगाची चाल ऐकली. ही चाल मास्टर कृष्णरावांची, म्हणजे बुवांच्या विद्येची दुसरी पिढी. म्हणणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी समेपूर्वी नेमकी तीच हुलकावणी दिली. मी हर्षभराने त्यांना विचारले, “हे आपण कोणापाशी शिकलात?” ते म्हणाले, “रेडिओपाशी.”