अंगणांतील दुर्ग व त्यांचें प्रमाण

दिवाळीच्या दिवसांत दगड, विटा, गोणपाट व माती यांचा किल्ला अंगणांत उभारावा, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवावी आणि शिखरावर शिवछत्रपतींची मूर्ति बसवावी, ही महाराष्ट्रांतील मुलांची चाल सर्वांच्या परिचयाची आहे. हिला खेळ म्हणून सोडून देण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें ही एक लघुशिल्पकला आहे. आणि कला म्हटली म्हणजे तिची परीक्षाही झाली पाहिजे. नुसतें कौतुक हा तिचा एक प्रकारें अनादरच होय.

कामसूत्रावरील जयमंगला टीकेंत यशोधरानें चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य व वर्णिकाभंग. त्यांपैकीं भाव या किल्ल्यांत ओतप्रोत असतो. उणीव आहे ती प्रमाणाची व सादृश्याची.

प्रथम प्रमाण पाहूं. सिंहगड भोंवतालच्या सपाटीपासून सुमारें ७५० मीटर उंच आहे. मोठ्या हौसेनें तो दीड मीटर उंचीचा केला, तर पांचशेंस एक हें प्रमाण येतें. या हिशेबानें माणूस ज्वारीच्या दाण्याहून मोठा होत नाहीं. उलट, बाजारांतून आणलेला दहा सेंटिमीटरांचा मावळा तेथें उभा केला, तर तो पन्नास मीटर उंच ठरतो व गडाचा दरवाजा त्याच्या गुडघ्यालाही पोहोंचत नाहीं. यावर कोणी म्हणेल कीं, प्रधान पुरुषास इतरांहून मोठा दाखविण्याची रीति आपल्या मूर्तिशिल्पांत पूर्वापार आहे. ती आम्हांस मान्य आहे. परंतु ती प्रधानापुरतीच. येथें पहारेकरी, गवळण व वाघ हे सगळेच तटाहून उंच असतात. सर्वच मोठे झाल्यावर महाराजांचें मोठेपण तें काय राहिलें?

सादृश्याचा दोष याहून भारी आहे. निमुळती टेंकडी, तिला वेढा घालून सिंहासनापर्यंत गेलेली वाट, आणि पायथ्याशीं ‘रायगड’ अशी पाटी, हा सांचा ठरून गेला आहे. वस्तुतः रायगडाचा माथा विस्तीर्ण असून महादरवाजा दोन बुरुजांच्या आड दडलेला आहे. दरवाजा खालून दिसूं नये, त्यापुढें बुरूज असावे व येण्याजाण्याचा मार्ग त्यांच्या माऱ्यांत राहावा, तसेंच आधीं पाणी पाहून मग किल्ला बांधावा, हा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील उपदेश आहे. थेट दरवाजाशीं नेणारी वाट करणारा मुलगा दुर्गकारानें शत्रूस जें नाकारलें, तेंच नकळत त्याच्या हातीं देतो. राजगडाच्या तीन माच्या, संजीवनीचा दुहेरी तट, लोहगडाचा विंचूकाटा हीं त्या त्या गडाचीं ओळखीचीं लक्षणें होत; तीं गाळल्यावर उरतो तो मातीचा ढीग.

असें असूनही बाजारांतील तयार सांच्याच्या किल्ल्यापेक्षां हा ढीग आम्ही श्रेष्ठ मानतों. पाणी घालतांच उतारावरील माती घसरते, आणि तट कड्याच्या धारेनें कां चालतो, पाणी कोठें सांठवावें, हें मुलाच्या हातालाच कळूं लागतें. हें ज्ञान विकत मिळत नाहीं.

११ जुलै २०२५ रोजीं युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले. अकरा महाराष्ट्रांतील व बारावा तामिळनाडूंतील जिंजी. हें भूषणावह खरें. पण सिंहगड, पुरंदर व तोरणा त्या यादींत नाहींत, आणि गांवोगांवचे शेंकडों लहान गड तर नाहींतच. त्यांची ओळख राखण्याचें काम त्यांच्या सावलींत राहणाऱ्यांचेंच आहे. म्हणून सासवडच्या मुलांनीं पुरंदर करावा, जुन्नरच्या मुलांनीं शिवनेरी करावी. रायगड ज्यास रोज दिसतो त्यानें रायगड करावा.

किल्ल्यांच्या स्पर्धा भरविणाऱ्या मंडळांस आमची सूचना एवढीच कीं, रोषणाई व मूर्तींची संख्या यांस गुण देऊं नयेत. आपला जवळचा गड एकदां चढून, त्याची वाट, दरवाजा व टांकीं कागदावर टिपून जो किल्ला रचील, त्यास पहिला मान द्यावा. अशा दहा वर्षांच्या टिपणांतून जें साहित्य जमेल, तें इतिहाससंशोधकांसही उपेक्षणीय वाटणार नाहीं.