संगणकीय संगीतसाधने आणि स्वराचे व्याकरण

ध्वनिमुद्रणाची साधने आज एकट्या कलावंताच्या हाती ज्या सुलभतेने आली आहेत, तिची कल्पना दोन पिढ्यांपूर्वीच्या गायकास करता आली नसती. ग्रामोफोन कंपनी, आकाशवाणी किंवा चित्रपटसंस्था यांपैकी कोणाच्या तरी आश्रयावाचून आपला आवाज दूरवर पोहोचविणे त्याला जवळजवळ अशक्य होते. २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेले ‘ऑडासिटी’सारखे विनामूल्य साधन, एक बरा मायक्रोफोन आणि साधा संगणक एवढ्या सामग्रीवर आजचा स्वतंत्र कलावंत आपले गायन मुद्रित करू शकतो. या साधनांच्या उपयुक्ततेविषयी वाद नाही. प्रस्तुत टिपणात विचार करावयाचा आहे तो निराळ्याच प्रश्नाचा : ही साधने स्वराविषयी काय गृहीत धरतात, आणि ते गृहीत आपल्या रागसंगीतास कितपत मानवते?

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हा प्रश्न परिचित वाटेल. बोलणे हा प्रत्यक्षात अखंड ध्वनिप्रवाह असतो. स्वनिम ही त्या प्रवाहातून त्या त्या भाषेने वेगळी मानलेली एकके होत. संगीतसाधनांचेही असेच दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग स्वन टिपतो. सेकंदास ४४,१०० नमुने घेणाऱ्या मुद्रणाला षड्ज कोणता याची वार्ताही नसते. मायक्रोफोनपर्यंत जे पोहोचले ते ते तटस्थपणे साठविते. दुसरा वर्ग स्वनिम लिहितो. १९८३ साली रूढ झालेला ‘मिडी’ हा संकेत याचे ठळक उदाहरण. मिडीत ध्वनी नसतोच. कोणती पट्टी केव्हा व किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच मुख्यतः नोंद असते. पट्ट्या १२८, आणि रूढ व्यवस्थेत लगतच्या दोन पट्ट्यांतील अंतर सर्वत्र सारखे, म्हणजे सप्तकाचे १,२०० सेंट मानल्यास १०० सेंट. षड्जाशी ५:४ या प्रमाणात मिळणारा गांधार ३८६ सेंटांवर असतो; या लिपीत तो ४०० वर जाऊन बसतो.

मिडीत मींड लिहिताच येत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पट्टीपासून स्वर वर-खाली सरकविण्यासाठी तीत १६,३८४ पायऱ्यांची सोय आहे. प्रश्न पायऱ्यांच्या संख्येचा नसून संकल्पनेचा आहे. या लिपीत मूळ स्वर स्थिर असतो आणि मींड म्हणजे त्यापासून ढळणे. दरबारी कानड्यातील आंदोलन हे कोमल गांधाराला वरून घातलेले लेणे नव्हे. त्या आंदोलनासहितच तो दरबारीचा गांधार होतो. एका व्यवस्थेतील अपवाद हा दुसऱ्या व्यवस्थेतील नियम असू शकतो, हे आपल्या शास्त्रातील प्राथमिक तत्त्व येथेही लागू पडते.

लयीच्या बाबतीतही असेच दिसते. ‘एबल्टन लाइव्ह’ या बहुप्रचलित साधनात मिनिटास २० ठोके ही किमान गती आहे. अतिविलंबित एकतालाची मात्रा चार सेकंदांपर्यंत लांबली, तर मिनिटास १५ मात्रा होतात आणि त्या चौकटीबाहेर पडतात. मात्रेचे चार भाग कल्पून मिनिटास ६० ठोके धरले, तर अडचण दूर होते. तडजोड सयुक्तिक आहे. परंतु ती तडजोड आहे याचे भान वापरणाऱ्याने ठेवावयास हवे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. पं. विष्णु नारायण भातखंडे यांची स्वरलिपी तरी कोठे पूर्ण आहे? तिच्यातही मूळ चिन्हे बारा स्वरांचीच आहेत. दरबारीचा गांधार आणि काफीचा गांधार दोन्ही एकाच अधोरेखित ‘ग’ने दर्शविले जातात. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या लेखनव्यवस्थेतच सापडते. ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतील ‘च’चे उच्चार भिन्न आहेत, देवनागरी दोहोंसाठी एकच अक्षर लिहिते. तरी मराठी वाचकाची फसगत होत नाही, कारण अक्षराने न सांगितलेले तो स्वतःच्या भाषाज्ञानाने पुरवितो. भातखंड्यांची लिपी वाचणारा शिष्यही असाच असतो. त्याच्या कानात गुरूचा आवाज असतो. यंत्राच्या कानात कोणाचाच आवाज नाही. ते लिहिले तेवढेच वाचते. तात्पर्य, लेखन अपुरे असणे हा दोष नव्हे. अपुऱ्या लेखनास पूर्ण समजून वाजविणे हा दोष आहे.

हा दोष लेखनापुरता राहिला असता तर फारसे बिघडले नसते. परंतु १९९७ साली आलेल्या ‘ऑटो-ट्यून’ने तो प्रत्यक्ष कंठापर्यंत नेला. हे साधन गायकाच्या आवाजाची कंप्रता शोधते आणि निवडलेल्या स्वरपंक्तीतील जवळच्या स्वरावर तो आवाज ओढून नेते. कंप्रता शोधण्यासाठी त्यात योजलेले स्वसहसंबंधाचे गणित ध्वनिविज्ञानाच्या प्रयोगशाळेस नवे नाही. अॅम्स्टरडॅम विद्यापीठात बोअर्स्मा व वेनिंक यांनी सिद्ध केलेल्या ‘प्राट’मध्येही तेच तत्त्व आहे. पण प्राट कंप्रतेचा आलेख काढून थांबते. एक साधन वर्णनात्मक व्याकरण लिहिते. दुसरे आदेशात्मक व्याकरण लिहून शिवाय बोलणाऱ्याचे तोंडही धरते. सुधारणेचा वेग वाढविला की मींडेच्या पायऱ्या होतात, आणि आंदोलन थिजते.

हा पेटीचाच जुना वाद नव्हे काय, असे कोणी विचारील. साम्य आहे. समान स्वरांतरांच्या पेटीविरुद्धच्या आक्षेपांतून सांगलीशी संबद्ध असलेल्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची पेटी घडविली. १९१० साली त्यांचा बावीस श्रुतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ साली शिथिल झाली. या सर्व काळात पेटी मैफलीत आणि रंगभूमीवर नांदतच राहिली, कारण गायक तिच्या शेजारी बसून आपलाच स्वर लावीत असे. पेटी आवाजाला साथ करते. त्यात शिरत नाही. स्वरसुधारक साधन आवाजात शिरते, आणि श्रोत्याला मूळ आवाज कधीच ऐकू येत नाही. काही साधनांत बारापेक्षा अधिक स्वरांची पंक्ती निवडता येते. पण बाराचे बावीस केल्याने बिंदू वाढतात, बिंदूंमधील वाट मिळत नाही.

भाषा बदलते, तसे संगीतही बदलणार. भाषाशास्त्राने शुद्धतेचा पहारा करू नये. तथापि भाषा बोलणाऱ्यांनी बदलावी, टंकयंत्र बनविणाऱ्याने नव्हे. स्वतंत्र कलावंताजवळ त्याला थांबविणारा ध्वनिमुद्रक नसतो, किंवा ‘हा स्वर असा नव्हे’ म्हणणारा बुजुर्ग साथीदारही नसतो. साधनाने आरंभीच लावून दिलेली मांडणी हाच त्याचा एकमेव सल्लागार ठरण्याची भीती आहे. म्हणून त्याने क्रम असा ठेवावा : प्रथम स्वन टिपणारे साधन, लयीसाठी ठोक्यांच्या जाळीऐवजी तबल्याचे प्रत्यक्ष वादन, आपला स्वर तपासण्यासाठी प्राट किंवा लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’ यांचा आरसा, आणि सुधारक साधन अगदी शेवटी, एखाद्या निसटलेल्या स्वरापुरते.

साधनांचे व्याकरणही अपरिवर्तनीय नाही. एकाच वेळी वाजणारा प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे सरकविता यावा, यासाठी मिडीस २०१८ साली पुरवणी जोडली गेली आणि २०२० साली तिची दुसरी आवृत्ती आली. वादकांची गरज स्पष्ट झाली तेव्हा संकेत बदलला. आपल्या रागसंगीताची गरज अशीच नेमक्या परिभाषेत मांडणे आवश्यक आहे. आणि ते काम गायकाइतकेच भाषाशास्त्राच्या व संगीतशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे आहे.