टेनिस एल्बोवरील उपचारांची तुलना : प्रश्न मोजणीच्या वेळेचा

टेनिस एल्बो या विकारात कोपराच्या बाहेरील बाजूस वेदना होतात. मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा दंडाच्या हाडाला जेथे जोडलेली असते, तेथे हा विकार उद्भवतो. नावात टेनिस असले, तरी बहुसंख्य रुग्ण टेनिस न खेळणारे असतात. स्प्लिंट अथवा पट्टा आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन हे यावरील दोन प्रचलित उपचार होत. त्यांची तुलना करताना ‘अधिक गुणकारी कोणता?’ असे विचारले जाते. परंतु ‘केव्हा मोजले असता?’ हा प्रश्न त्याआधीचा आहे.

नेदरलँड्समधील १८५ रुग्णांचा अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनंतर इंजेक्शनच्या गटात ९२ टक्के, तर केवळ प्रतीक्षा करणाऱ्या गटात ३२ टक्के रुग्णांना गुण आला होता. वर्षअखेरीस हेच प्रमाण अनुक्रमे ६९ व ८३ टक्के झाले. अभ्यास सहा आठवड्यांतच थांबला असता, तर निष्कर्ष नेमका उलट निघाला असता. २००६ साली ऑस्ट्रेलियातील अभ्यासातही इंजेक्शन घेतलेल्या ७२ टक्के रुग्णांत दुखणे उलटल्याचे आढळले. जुन्या दुखण्यात दाहापेक्षा कंडरेची झीज प्रमुख असते, हे लक्षात घेता दाहशामक औषधाचा लाभ अल्पकालीन ठरणे आश्चर्यकारक नाही.

स्प्लिंटची बाजूही निर्विवाद नाही. १८० रुग्णांच्या २००४ मधील डच अभ्यासात पट्टा व भौतिकोपचार यांची तुलना झाली. सहा आठवड्यांनंतर वेदनाशमनात भौतिकोपचार, तर दैनंदिन कामांत पट्टा सरस ठरला. वर्षअखेरीस लक्षणीय फरक उरला नाही. मात्र त्यात उपचाराविना ठेवलेला गट नव्हता. त्यामुळे सुधारणेचे श्रेय पट्ट्याचे की कालावधीचे, हे ठरत नाही. शिवाय या अभ्यासांतील आकडे शेजारी मांडून स्प्लिंट व इंजेक्शन यांची तुलना करणे शास्त्रीय नव्हे. कारण रुग्ण, निकष व गट भिन्न आहेत.

तात्पर्य, अशा तुलनेत किमान एक वर्षाचा पाठपुरावा, दुखणे उलटण्याची नोंद आणि प्रतीक्षेचा गट आवश्यक ठरतो. हातांवर पोट असणाऱ्या रुग्णाला लवकर मिळणारा आराम मोलाचा वाटणे स्वाभाविक आहे; म्हणूनच सहा आठवड्यांचा आकडा सांगताना वर्षाचा आकडा त्याच्यापासून दडवू नये.